नवमीला जोडून आलेली सुट्टी

धायरीच्या पोकळ्यांची सून दीपाली रस्त्यात भेटली, की माणसं तिला तब्येत विचारत नाहीत. यंदा कुठं काढलंय, असं विचारतात. शुक्रवारी किंवा सोमवारी सुट्टी आली की ह्या बाईनं गाडी, मुक्काम, जेवण, रस्ता सगळं जुळवून ठेवलेलं असणार, हे भावकीला, तिच्या माहेरच्यांना आणि ती ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथल्या बायांना ठाऊक झालंय. ताम्हिणीच्या वळणांवर कुणाच्या पोटात ढवळतं, कुणाच्या सासूला कमोडच लागतो, कुणाचं पोरगं चिकनशिवाय घास गिळत नाही, सगळं तिच्या डोक्यात. बाकीच्यांनी आपापली डोकी त्यामुळं मोकळी ठेवलेली.

हे तिच्या गळ्यात पडलं ते लग्नाच्या वर्षीच. अख्खं घर अष्टविनायकाला निघालं होतं आणि मुक्कामाचं पुरुषांपैकी प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्यानं बघितलंय. बायका-पोरांसकट सगळे देवळाच्या मंडपात सतरंजी टाकून झोपले, डासांनी फोडून काढलं. पुढच्या वर्षी नव्या नवरीनं आधीच चार फोन करून ठेवले. एकदा केलं, नीट झालं, आणि मग ते तिचंच होऊन बसलं.

तेव्हापासून जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीला लागलं, की घरचे त्याच्यापुढं जमतात. कुठली सुट्टी रविवारात बुडाली त्याचं सुतक धरतात, कुठली शनिवार-रविवारला चिकटली त्याचा आनंद करतात, आणि मग सगळे वळून दीपालीकडं बघतात.

नवरा इंद्रजीत मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर भाजीचा माल उतरवून घेतो. यार्डातली भाजी शनिवारी बंद आणि रविवारी गाड्यांची नुसती रांग. म्हणजे जग जेव्हा पाय पसरतं, तेव्हा हा कोथिंबिरीच्या जुड्यांत उभा. त्याला बरोबर न्यायचं तर आधी त्याच्या जागी माणूस शोधा, मग शेठजीला गोड बोला. तेही दीपालीच करायची. शेठजी तिला फोनवर म्हणायचे, "वहिनी, तुम्हीच या ना गाळ्यावर. ह्याला जाऊ द्या कोकणात."

गेल्या दीड वर्षात मात्र तिच्यातलं पाणी आटत आलं होतं. सासूबाई, तुळजाबाई, गेल्या आणि घराचा सगळा भार तिच्याकडं सरकला. कुणाच्या पोरीचं बाळंतपण कधी, कुणाच्या वास्तुशांतीला काय न्यायचं, कुणाशी बोलणं बंद आहे आणि ते कशावरून, हे तुळजाबाईंना झोपेत विचारलं तरी सांगता येई. दीपालीला ते रोज नव्यानं जुळवावं लागे. त्यात शाळेतले दाखले, लेक तनयाचं कॉलेज, सासऱ्यांच्या गोळ्या. मे महिन्यात एकदा ती गॅससमोर उभ्याउभ्याच पेंगली आणि दूध उतू गेल्याच्या वासानं जागी झाली. कुणाला बोलली नाही. ओटा पुसला.

म्हणून दिवेआगर तिनं स्वतःसाठी काढलं होतं. म्हणजे सगळ्यांसाठीच, पण आतून स्वतःसाठी. गांधी जयंती शुक्रवारी आलेली. दोन रात्री. बाळ नावाच्या माणसाचं नारळी-पोफळीतलं घर तिला ठाऊक होतं. ह्या बाळाची दाढी पिकलेली, पण गावात नाव बाळच. तो कुणाला काय खाणार म्हणून विचारत नाही. जे शिजलं ते पानात येतं आणि ज्याला नको त्यानं उठावं. दोन दिवस कुणीही आपल्याला काहीही विचारू नये, एवढंच तिला पाहिजे होतं. तेवढ्यासाठी तिनं जूनमध्येच फोन करून दोन खोल्या धरल्या.

आणि पितृपंधरवडा तिनं बघितला नव्हता असं नाही. गांधी जयंती पित्रात येतेय म्हटल्यावर तिनं कॅलेंडर उघडून नीट बघितलं होतं. पोकळ्यांच्या घरात पित्रांचं जेवण, म्हणजे म्हाळ, पंचमीला असतो, तिच्या आजेसासऱ्यांचा. पंचमी बुधवारी. बुधवारी म्हाळ, गुरुवारी भांडी आवरायची, शुक्रवारी पहाटे गाडी. इतकं बेतशीर जमलं म्हणून ती मनातल्या मनात खूष झाली होती.

मग ग्रुपवर नेहमीचं सुरू झालं. नणंद ऋतुजा खडकीत राहते, नवरा तिथल्या कारखान्यात, क्वार्टरही तिथलंच. तिनं विचारलं, वहिनी, खोलीत एसी आहे का. मग विचारलं, समुद्र खोलीतून दिसतो का. मग म्हणाली, पित्रात मासे खायचे की नाही ते तुम्हीच ठरवा, आम्हाला काय कळतंय. तनयानं लिहिलं की मम्मी, तिथं नेटवर्क आहे ना, नाहीतर वाइब जाते सगळी. दीपालीनं प्रत्येकाला उत्तर दिलं. बोटं दुखली.

गणपती बसले, उठले. पित्रं लागायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या मुक्ताईकाकू आल्या. ह्यांचं घर पोकळ्यांच्या मळ्याला लागून होतं, मळा होता तेव्हा. आता तिथं दोन इमारती आहेत आणि त्यांच्यामधल्या बोळात काकू. तुळजाबाईंची जिवाची मैत्रीण. ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आगं, रईवारी किती वाजता येऊ? लई उशीर करू नगं, माझी गोळी असती दुपारची."

दीपालीला कळेना. रविवारी आपण तर दिवेआगरला.

"नवमी न्हाई का? तुळजीची. संभादाजींनी गणपतीतच सांगून ठिवलंय मला, सवाष्ण म्हणून तूच बसायचं म्हणून. तिच्या जागी मला बसाया सांगत्यात, मला तर रडूच आलं बघ."

नवऱ्याच्या आधी जी बाई जाते, तिचं पित्र अविधवा नवमीला. त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. हे दीपालीला माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं. पण पहिल्या वर्षी म्हाळ घालत नाहीत, त्यामुळं गेल्या साली नवमी आली आणि न बोलता गेली. घराला एक पंचमीच पाठ. आता ह्या घरात आणखी एक तिथी आहे, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. इंद्रजीतच्या नाही, ऋतुजाच्या नाही, ती तर पोटची लेक. अशा गोष्टी आठ दिवस आधी आठवण करून देण्याचं काम तुळजाबाईंचं होतं.

सासरे, संभाजीआबा, आतल्या खोलीत ऐकत होते. बाहेर आले, दाराला हात लावून उभे राहिले. त्यांनी दीपालीला काही विचारलं नाही. तिच्या तोंडाकडं बघून त्यांना कळलंच. ते फक्त म्हणाले, "मला वाटलं तू धरलं आसशील. तू समदंच धरतीस." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

रात्रीच्या जेवणाला तिनं इंद्रजीतपुढं विषय काढला. तो बराच वेळ भाकरी चावत राहिला. आईची तिथी आपण विसरलो ह्याची लाज त्याला वाटली होती. शेवटी म्हणाला, "तूच काढ काहीतरी मार्ग."

ऋतुजाला फोन केला. ती आधी रडली. मग म्हणाली, मुलांनी किती दिवस धरलंय, सासूबाईंनी नवीन चपला घेतल्यात, मिस्टरांची रजा मंजूर आहे, आता कसं सांगू. पण आईची नवमी म्हणजे नवमी. मग दोन्ही बाजू नीट मांडून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, तुम्ही ठरवाल तसं."

दीपालीनं फोन ठेवला. तिला राग आला नाही, रागालाही थोडी ताकद लागते. एखाद्यानं नुसतं 'जायचं' म्हटलं असतं तरी तिनं बॅग भरली असती, आणि 'नाही जायचं' म्हटलं असतं तरी बाळाला फोन करून टाकला असता. पण अख्ख्या खानदानात तेवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघेना.

आबांनी काढलं. ते सकाळी चहा घेताना म्हणाले, "अवसेला करा. सर्वपित्रीला समद्यांचंच चालतं. तुमी जाऊन या."

ही सोय होती, आणि ती खरी होती. पुष्कळ घरं असंच करतात. दीपालीला वाटलं, सुटलो. तिनं कपात आणखी चहा ओतला. आबा कप तसाच धरून बसले.

"न्हाई म्हंजी," ते म्हणाले, "नवमी काय कायमची नसती. मी हाय तवर तिची नवमी. मी गेलो की ती माझ्याच तिथीत आली. मग कुणी तिला येगळं बोलवत न्हाई." आणि लगेच, आपण काहीतरी जास्त बोललो असं वाटून, "पन तुमी जा. तू दमलीयास. मला दिसतंय न्हवं."

तेवढ्यानं ती अडकली. कुणीच काही म्हणालं नसतं तर गेली असती. आपलं दमणं ह्या म्हाताऱ्याला दिसलं, आणि दिसून तो जा म्हणाला, त्यावर दिवेआगरला जाऊन बसणं तिला जमणार नव्हतं. ती तिथल्या खुर्चीत बसून ह्या घराचंच बघत राहिली असती.

तिनं ग्रुपवर लिहिलं. रविवारी घरी नवमी आहे. मी, हे आणि आबा इथंच. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, खोल्या धरलेल्या आहेत, हा बाळदादांचा नंबर, रस्ता त्यांनाच विचारा. खाली लगोलग अंगठे आले. तनया जाऊ की नको करत होती, तिला दीपालीनंच हाकललं. ऋतुजानं हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दहा मिनिटांनी विचारलं की बाळदादांकडं गरम पाणी चोवीस तास असतं का. दीपालीनं त्याला उत्तर दिलं नाही. मग दिलं.

इंद्रजीत इथंच राहणार म्हटल्यावर शेठजींनी त्याला रविवारी पहाटे गाळ्यावर बोलावून घेतलं. बारापर्यंत येतोच, म्हणाला.

पंचमी झाली. शुक्रवारी पहाटे खडकीची मंडळी गाडी घेऊन आली, तनयाला उचललं, दारात पाच मिनिटं गोंगाट झाला आणि गाडी गेली. दीपाली दारातल्या पायरीवर बसून राहिली. म्हटलं, ठीक आहे. नवमीचा स्वयंपाक, मग रविवारची दुपार तरी आपली.

तेवढ्यात बोळातून मुक्ताईकाकू आल्या. नवी साडी नेसलेल्या, हातात पिशवी, आणि तोंड चोरून.

"नातवानं ऐकलंच न्हाई गं. म्हाबळेश्वर धरलंय म्हनं त्यानं. आजी-आजोबांना सरप्राईज. आता आलीया गाडी, बसा म्हनतोय. म्हाताऱ्याला कवाच पुढं बसवलंय. मी काय करू?"

दीपालीला हसू आलं. त्या सकाळचं ते पहिलंच. ती म्हणाली, जावा काकू, थंडी असेल, स्वेटर घ्या. काकू दोनदा मागं वळून बघत गेल्या.

आणि मग शुक्रवार-शनिवार ती सवाष्ण शोधत हिंडली. एरवी धायरीत हाक मारली तर चार बायका दारात येतील. पण जोडून सुट्टी आली की हे गाव रिकामं होतं. भावकीतल्या दोन जावा नाशिकला देवदर्शनाला. एक ताम्हिणीत, मुलांबरोबर. ह्या दोन्ही ठिकाणांचा मुक्काम दीपालीनंच जुळवून दिला होता, नंबरसुद्धा तिचेच. शाळेतल्या बाईंना फोन लावला तर मागं समुद्राचा आवाज. जुन्या मळ्यावरच्या इमारतीत गेली तर मजल्यामागून मजला कुलपं. दत्तोबा वॉचमन खुर्चीतून म्हणाला, "वैनी, सोमवारी या. आता हितं मी आन् मांजर."

तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. सरोजिनीबाई, पूर्वी शनिवार पेठेत राहायच्या, मुलानं इकडं फ्लॅट घेतला म्हणून आलेल्या. नवरा आत पेपर वाचत होता. दीपालीनं सगळं सांगितलं, अगदी अजिजीनं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बोलावणं चांगलं आहे हो. पण मला मधुमेह आहे. तुमची खीर-पुरण खाऊन मी ह्यांच्याआधी गेले, तर पुढच्या वर्षी माझीच नवमी. तेव्हा सवाष्ण शोधायला ह्यांना पाठवाल, ते जिना उतरत नाहीत."

आतून पेपर सळसळला. दीपाली जिना उतरली. खाली येऊन एका दुचाकीच्या सीटवर थोडा वेळ बसली. दुचाकी कुणाची होती कोण जाणे, मालक बहुधा अलिबागला होता.

रविवारी ती अंधारातच उठली. भाज्या इंद्रजीतनं शुक्रवारीच यार्डातून आणून टाकल्या होत्या. भोपळा, गवार, कारली, अळू. डाळ वाटली, वडे थापले, कढी केली, खीर आटवली. आबा मध्येमध्ये येऊन दारात उभे राहत, काही द्यायचं का विचारत आणि ती नको म्हणाली की जात. एकदा न विचारताच खाली बसले आणि गवार मोडायला लागले. मोठी मोठी मोडली. तिनं तशीच टाकली.

नैवेद्याची पानं वाढून झाली. आबांनी तुळजाबाईंच्या फोटोला नैवेद्य दाखवला, कावळ्याचा घास पत्र्यावर ठेवला. कावळे लगेच आले. गावातून तेवढेच कुठं गेले नव्हते.

पाटासमोर ताट मांडलेलं. पाट रिकामा. बाजूला सुपात ओटीचं सामान, हिरवी साडी, बांगड्या, नारळ. साडी आबांनी स्वतः आणली होती, कधी ते दीपालीला कळलं नव्हतं. ती पदराला हात पुसत उभी राहिली.

"आबा, कुणीच मिळालं नाही. दोन दिवस फिरले."

आबांनी पाटाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तू बस."

"सून चालते का पण?"

"ते कुणाला इचारू मी? जिला ठावं आसायचं, ती फोटूत हाय." ते खांबाला धरून सावकाश वाकले आणि पाट थोडा भिंतीकडं सरकवला, पाठ टेकता यावी असा. "सवाष्ण हायस, सकाळधरनं उपाशी हायस. बस आता."

ती बसली. बसताना गुडघा वाजला. आबांनी तिला हळदीकुंकू लावलं, कुंकू थोडं भुवईवर आलं. ओटी तिच्या पदरात घातली. मग ते पातेली एकेक करून जवळ घेऊन बसले. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला वाढलं नव्हतं. खीर चटणीवर पडली, कढी भातात थांबली नाही. दीपाली सवयीनं सांगायला गेली, आबा, आधी मीठ, मग लिंबू. मग तिनं तोंड मिटलं.

पहिला वडा तिनं खाल्ला आणि तिला कळलं की आपल्याला किती भूक लागलीय. भूकसुद्धा तिनं दोन महिने पुढं ढकलली होती बहुतेक.

फोन वाजला. आत, फ्रीजवर. ऋतुजाची रिंग वेगळी आहे. घाटात गाड्या तुंबल्या असणार, कुठून यायचं विचारत असणार. दीपालीचा एक हात जमिनीवर टेकला, अंग उचललं.

"सवाष्णीनं ताटावरनं उठू नये," आबा म्हणाले, आणि स्वतः उठले. उठायला त्यांना वेळ लागला, तोवर फोन वाजत राहिला. मग त्यांचा आवाज आला. "ती जेवतीया... काय ठावं बाबा मला. त्या बाळाला इचारा... न्हाई, ती न्हाई येत. जेवतीया म्हनलं न्हवं." थोडा वेळ नुसती ऋतुजाची कुजबुज. "आगं, घाटात अडकलाय तर थांबा की. कुठं जायाचंय?"

ते परत आले आणि त्यांनी तिला भोपळ्याची भाजी वाढली.

भिंत पाठीला गार लागत होती. ती सावकाश जेवत होती, लहानपणी जेवायची तशी, एका पदार्थावरून दुसऱ्यावर न धावता. मध्येच तिचे डोळे मिटले आणि उघडले. आबा पुढ्यातच बसलेले होते, पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून.

बारा वाजून गेल्यावर इंद्रजीत आला. घामाघूम, अंगाला कोथिंबिरीचा वास. चपला दारात टाकल्या, मोरीत हातपाय धुतले आणि तिथूनच हाक मारली.

"दीपा, टॉवेल कुठं—"

आबांनी नुसता हात वर केला. इंद्रजीत दारातून डोकावला. पाटावर बसलेली बायको बघितली, तिच्या पदरातला नारळ बघितला, वाढायला बसलेला बाप बघितला. मग ओल्या पायांनी आत गेला.

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. झाकल्याचा. पुन्हा उघडल्याचा. कसलंसं काहीतरी खाली पडलं.

टॉवेल गॅलरीत दोरीवर वाळत होता. दीपालीनं खिरीची वाटी जवळ ओढली.